आधी रक्तातलं मीठ, मग मुलगा की मुलगी

पत्र: माझ्या धाकट्या बहिणीला चार दिवसांपूर्वी बाळ झालं. दिवस भरलेलं, वजन २.९ किलो, लगेच रडलं. आधी मुलगा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी तपासलं तर खालच्या पिशवीत गोळ्या (वृषण) हाताला लागत नाहीत आणि लघवीचं छिद्र टोकाला नसून मुळाशी आहे. आत्ताच काही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. गुणसूत्रांच्या तपासणीला रक्त पाठवलंय, अहवाल दोन आठवड्यांनी येईल. सोनोग्राफीत गर्भाशयासारखं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशीचं सोडियम-पोटॅशियम नॉर्मल होतं. जन्मानंतर दहा तासांनी घेतलेल्या रक्तात १७-ओएचपी नावाचं द्रव्य वाढलेलं आलं, पण 'पहिल्या दिवशी ते वाढलेलंच असतं' म्हणून सोडून दिलं. उद्या घरी सोडणार आहेत. बहिणीने गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्याने हे झालं का? ऑपरेशन लगेच करायचं का? लोक विचारतात त्यांना काय सांगायचं? घरात सगळे आधीच धास्तावलेले आहेत, कारण तिचा पहिला मुलगा एकविसाव्या दिवशी उलट्या होऊन गेला. तेव्हा जंतुसंसर्ग म्हणाले होते. — बाळाची मावशी

उत्तर: पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. पहिला मुलगा एकविसाव्या दिवशी उलट्या होऊन गेला. हे आताच्या डॉक्टरांच्या कानावर घातलंय का? घातलं नसेल तर पुढचं वाचण्याआधी घाला. (पत्र मिळालं त्याच दिवशी एवढा निरोप तुम्हाला वेगळा दिला होता. त्यामागचं कारण आणि बाकीची उत्तरं इथे सविस्तर.)

शिश्नासारखा दिसणारा अवयव, पण दोन्ही बाजूंना गोळी हाताला लागत नाही. लघवीचं छिद्र मुळाशी. आत बहुधा गर्भाशय. १७-ओएचपी वाढलेलं. आणि मागे एका मुलाचा तिसऱ्या आठवड्यातला मृत्यू. हे धागे एकत्र धरले की पहिला संशय एकाच आजाराचा येतो: कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेसिया, डॉक्टरांच्या बोलण्यात 'सीएएच', म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार, ज्यात अंगातलं मीठ वाहून जाऊ शकतं. आम्ही संशय म्हणतोय, निदान नाही. पण हा संशय खोटा ठरेपर्यंत खरा धरूनच चालायचं असतं. बाळ मुलगा की मुलगी हे दोन आठवड्यांनी कळलं तरी बिघडत नाही. बाळाच्या अंगातलं मीठ संपत चाललंय हे दोन आठवड्यांनी कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

म्हणून उद्या घरी नेऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: १७-ओएचपी आज पुन्हा घेणार का, सोडियम-पोटॅशियम इथून पुढे कधी कधी बघणार, आणि बालसंप्रेरकतज्ज्ञांशी म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रिनॉलॉजिस्टशी बोलणं झालं का. त्या रुग्णालयात असे तज्ज्ञ नसतील तर फोनवरचा सल्लाही चालतो, पण तो आजच व्हायला हवा.

आता हे होतं कसं ते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी तीन तऱ्हेची संप्रेरकं बनवतात. कॉर्टिसॉल आजारपणात आणि ताणात शरीराला तगवतं, अल्डोस्टेरॉन लघवीवाटे मीठ वाहून जाऊ देत नाही, आणि तिसरी थोड्या प्रमाणात बनणारी पुरुषी संप्रेरकं. सीएएचच्या दहापैकी नऊहून अधिक बाळांत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम काम करत नाही. त्यामुळे पहिल्या दोन्ही संप्रेरकांची वाट अडते. कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक पाठवून ॲड्रिनलला सारखी टोचणी देत राहते, ग्रंथी फुगतात, कच्चा माल साचत जातो आणि बांध घातलेलं पाणी बाजूच्या पाटात शिरावं तसा तो पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला लागतो. साचलेल्या त्या कच्च्या मालाचंच नाव १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे १७-ओएचपी.

हे सगळं गर्भात फार लवकर सुरू होतं. बाहेरच्या जननेंद्रियांची घडण साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात होते. त्या काळात एक्सएक्स (सहसा मुलीच्या) गुणसूत्रांच्या गर्भाला पुरुषी संप्रेरकं जास्त मिळाली तर क्लिटोरिस वाढून शिश्नासारखी दिसते, भगोष्ठ जुळून रिकाम्या पिशवीसारखे होतात, लघवीचा आणि योनीचा मार्ग एकाच छिद्रातून उघडतो. आतलं गर्भाशय आणि बीजांडकोश मात्र जागच्या जागी, व्यवस्थित. गर्भाशय नाहीसं करायचं काम पुरुषी संप्रेरक करत नाही. ते करतं वृषणातून येणारं एएमएच नावाचं वेगळं संप्रेरक, आणि इथे वृषणच नाहीत. बाहेरून मुलगा आणि आत गर्भाशय, हे गूढ वाटणारं चित्र असं उलगडतं.

एक्सवाय (सहसा मुलाच्या) गुणसूत्रांच्या बाळाला हाच आजार झाला तर बाहेरून काहीच खटकत नाही. फार तर वृषणकोशाची कातडी जरा काळसर दिसते. ते बाळ 'निरोगी मुलगा' म्हणून घरी जातं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, मलूल पडतं आणि कुणाच्या मनातही ॲड्रिनल येत नाही. जंतुसंसर्ग किंवा जठराचं तोंड आवळलेलं, असंच वाटतं. पहिल्या बाळाचं नक्की काय झालं ते आज कुणी सांगू शकत नाही, पण त्याची कहाणी या साच्यात बसते. त्याचे कागद जपून ठेवले असतील तर त्यातले सोडियम आणि पोटॅशियमचे आकडे शोधा. जठराच्या तोंडाच्या आजारात उलट्यांमुळे पोटॅशियम सहसा कमी होतं. सीएएचमध्ये सोडियम घसरतं आणि पोटॅशियम चढतं. जुन्या फाइलमधली ती एक ओळ आजच्या बाळाच्या फार उपयोगाची आहे.

हा आजार साधारण पंधरा हजार जन्मांत एकाला होतो, आणि जन्मतः उघड होणाऱ्या प्रकारात चारपैकी तीन बाळं मीठ गमावणारी असतात.

आता १७-ओएचपीबद्दल. डॉक्टर म्हणाले ते अर्धं बरोबर आहे. जन्मल्यावर पहिले २४ ते ४८ तास ते प्रत्येक बाळात वाढलेलंच असतं, त्यामुळे दहाव्या तासाच्या नमुन्याला अर्थ नाही. पण त्यावरून 'सोडून द्या' असं ठरत नाही, '४८ तासांनंतर पुन्हा घ्या' असं ठरतं. चौथा दिवस त्यासाठी अगदी योग्य. अहवाल हातात आला की आकड्याआधी एकक वाचा. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिली लिहितात, काही नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर, काही नॅनोमोल प्रति लीटर. १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर, म्हणजे सुमारे ३ नॅनोमोल प्रति लीटर. फोनवरून नुसता आकडा सांगितल्यामुळे शंभरपटीचा घोळ होऊ शकतो, तेव्हा कागदाचा फोटोच पाठवा. मीठ गमावणाऱ्या प्रकारात हा आकडा सहसा ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या पुढे जातो. निरोगी, दिवस भरलेल्या बाळात तिसऱ्या दिवसानंतर तो काही नॅनोग्रॅमच्या आत असतो.

मधल्या आकड्यांत घोळ होतो. कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर आजार नसतानाही १७-ओएचपी वाढतं. शिवाय नेहमीच्या इम्युनोअसे पद्धतीत गर्भाच्या ॲड्रिनलमधली दुसरी द्रव्यंही १७-ओएचपी म्हणून मोजली जातात. म्हणून संशयास्पद आकडा आला तर तोच नमुना मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीने मोजून घ्यायला सांगा. उलटी चूकही होते: प्रसूतीआधी आईला किंवा जन्मल्यावर बाळाला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर आकडा दबलेला येतो. तशी दिली असतील तर सांगायला विसरू नका. इतकं करूनही आकडा अधांतरी राहिला, तर कृत्रिम एसीटीएचचं इंजेक्शन देऊन साठ मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. नवजात बाळात बहुधा १२५ मायक्रोग्रॅम देतात, काही ठिकाणी २५०.

रक्त घेण्याबाबत एक व्यवहाराची गोष्ट. २.९ किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे २४० मिली. रोज एकेक तपासणी आठवली की सुई टोचायची, हे बाळाच्याही हिताचं नाही आणि निदानाच्याही. उपचाराच्या स्टिरॉइडचा, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या औषधाचा, पहिला डोस देण्याआधी एकदाच नीट रक्त घेऊन १७-ओएचपी, कॉर्टिसॉल, अँड्रोस्टेनडायोन आणि टेस्टोस्टेरॉन ही पुरुषी संप्रेरकं, एएमएच, मिठाच्या गळतीची खूण देणारं रेनिन, साखर, सोडियम-पोटॅशियम असं सगळं बाजूला काढून ठेवावं. एसीटीएचचा नमुना लगेच बर्फावर ठेवावा लागतो, नाहीतर तो वाया जातो. मात्र बाळ मलूल असेल तर नमुन्यांसाठी औषध अडवायचं नाही. एक सिरिंज भरून रक्त काढा, जमेल तेवढं ठेवा आणि औषध सुरू करा.

सोडियम-पोटॅशियम दुसऱ्या दिवशी नॉर्मल होतं, याचा दिलासा धरू नका. जन्मापर्यंत बाळाच्या क्षारांचा तोल वारेतून आईच राखत असते. त्यानंतर गळती सुरू झाली तरी ती रक्तात दिसायला दिवस लागतात. बहुतेक बाळं सातव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान कोसळतात. सीएएच नाही हे पक्कं होईपर्यंत, किंवा बाळ किमान दोन आठवड्यांचं होईपर्यंत, रोज किंवा एक दिवसाआड हे आकडे बघायला हवेत. टाच दाबून दाबून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं चढलेलं दिसतं. त्यामुळे पोटॅशियम जास्त आलं की 'नमुना फुटलेला असेल' म्हणून झटकण्याची सवय सगळीकडे असते. या बाळाच्या बाबतीत ती सवय महागात पडेल. शिरेतून ताजा नमुना घ्या, तासाभरात अहवाल मागवा, तोवर हृदयाचा आलेख बघा.

पुढे घरी सोडलं की बहिणीला लक्ष ठेवायला काय सांगाल? वजन. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, दुपटं-लंगोट काढून. निरोगी बाळाचंही वजन पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्के उतरतं, म्हणजे हे बाळ २.६ किलोपर्यंत आलं तर एकवेळ चालेल. पण पाचव्या दिवसानंतर ते चढायला लागलं पाहिजे आणि दहाव्या-चौदाव्या दिवशी जन्माच्या वजनाला टेकलं पाहिजे. उतरतच राहिलं तर थांबू नका. 'शू तर भरपूर करतंय' हा या आजारातला सगळ्यात फसवा दिलासा. जुलाबाने सुकलेल्या बाळाची लघवी कमी होते. इथे मीठ लघवीतूनच चाललंय आणि पाणी त्याच्यामागे चाललंय, त्यामुळे लंगोट ओले होत राहतात आणि बाळ आतून सुकत जातं. अंगावर ओढायचा कंटाळा, दूध संपवायच्या आत झोप, उलटी, टाळू खोल जाणं, हातपाय गार पडणं: यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं आणि दारातच 'सीएएचचा संशय आहे' हे शब्द उच्चारायचे. तिथे सलाईन (किलोमागे २० मिली, म्हणजे या बाळाला पहिल्या खेपेला सुमारे ६० मिली), हायड्रोकॉर्टिझोन या स्टिरॉइडचं २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि साखर कमी असेल तर ग्लुकोज, एवढं तातडीनं लागतं. दुधात आपल्या मनाने मीठ मात्र घालू नका. निदानाआधी आणि मोजमापाशिवाय दिलेलं मीठही बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

बाळाची तपासणी पुन्हा एकदा, सावकाश, अनुभवी हाताने व्हायला हवी. गोळी शोधायची ती पिशवीत नाही, जांघेतून. कोमट हाताची बोटं जांघेच्या वरच्या टोकाला ठेवून हळूहळू खाली सरकवत आणायची, म्हणजे वर बसलेला वृषण निसटत नाही. हे महत्त्वाचं का? कारण बीजांडकोश सहसा खाली उतरत नाही. जांघेत किंवा खाली गोळी लागली तर ती जवळजवळ नेहमीच वृषणाची, क्वचित वृषण आणि बीजांडकोश यांची मिश्र ग्रंथी असते, आणि मग सीएएचमधल्या मुलीचा संशय मागे पडतो. लांबी मोजायची तर ताठ पट्टी जघनाच्या हाडाला टेकेपर्यंत दाबायची, अवयव हलकेच ताणायचा आणि टोकापर्यंत मोजायचं, पुढची सैल कातडी धरायची नाही. दिवस भरलेल्या मुलात ही लांबी सरासरी ३.५ सेंटिमीटर असते, २.५ च्या खाली असेल तर लहान मानतात. मुलीत क्लिटोरिस ९ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर वाढलेली. चरबीवर पट्टी नुसती टेकवली तर एखादा सेंटिमीटर सहज हरवतो आणि भलताच शेरा फाइलमध्ये कायमचा बसतो. छिद्रं किती, एक की दोन, आणि कातडी कुठे जास्त काळसर आहे हेही लिहून ठेवायला सांगा. बदलांची पायरी १ ते ५ अशी 'प्राडर' श्रेणीत लिहितात. ते अक्षर-आकडे कागदावर दिसले तर बिचकू नका; दिसण्याचं वर्णन आहे ते, आजार किती गंभीर याचं माप नव्हे.

सोनोग्राफी आत्ताच्या आत्ता, पहिल्या आठवड्यात, पुन्हा करा. आईच्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बाळाचं गर्भाशय या दिवसांत टपोरं असतं, नंतर ते आकसतं आणि शोधणं अवघड जातं. बाळाला पाजून, मूत्राशय भरलेलं असताना, लहान मुलांची सोनोग्राफी करणाऱ्याकडूनच करा, आणि ॲड्रिनलही बघायला सांगा. बीजांडकोश दिसले नाहीत असं लिहून आलं तर ते नाहीत असा अर्थ होत नाही. इतक्या लहान वयात ते बऱ्याचदा दिसतच नाहीत.

गुणसूत्रांच्या अहवालासाठी दोन आठवडे लागतात कारण पेशी वाढवाव्या लागतात. पण एक्स आणि वाय आहेत का, एवढंच विचारणारी 'फिश' तपासणी एक-दोन दिवसांत होते. रक्त हेपॅरिनच्या (गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत गेलं होतं ना, ते विचारून घ्या. गुठळी झालेला किंवा गोठवलेला नमुना वाढत नाही, आणि 'नमुना पुन्हा पाठवा' असं दहाव्या दिवशी कळतं. अहवालात किमान तीस पेशी मोजलेल्या असाव्यात, नाहीतर मिश्र गुणसूत्रांचा प्रकार निसटू शकतो.

समजा १७-ओएचपी साफ नॉर्मल आलं. मग वाट बदलते. गुणसूत्रं एक्सएक्स असतील तर सीएएचचे विरळ प्रकार बघायचे. ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजच्या कमतरतेत मीठ सहसा जात नाही, उलट पुढे रक्तदाब चढतो. ४५,एक्स/४६,एक्सवाय अशी मिश्र गुणसूत्रं असली तर एका बाजूची ग्रंथी वृषण आणि दुसऱ्या बाजूला नुसता तंतू असू शकतो, आणि त्यासोबत गर्भाशयही. आईच्या अंगात पुरुषी संप्रेरक वाढलेलं होतं का, म्हणजे गरोदरपणात आवाज जाड झाला, चेहऱ्यावर केस आले असं काही झालं का, हे तिलाच विचारावं लागतं. ते कुठल्याच अहवालात येत नाही.

गुणसूत्रं एक्सवाय निघाली तर प्रश्न असे: वृषण नीट घडले का, घडले असतील तर टेस्टोस्टेरॉन बनवतात का, बनवत असतील तर शरीर ते मानतं का. एएमएच पहिल्या प्रश्नाला उत्तर देतं आणि कुठल्याही दिवशी घेता येतं. टेस्टोस्टेरॉनचं तसं नाही. ते जन्मानंतर एक-दोन दिवसांत उतरतं, आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा चढतं आणि एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान शिखर गाठतं. मधल्या खळग्यात घेतलेला कमी आकडा बघून 'वृषण काम करत नाहीत' म्हणणं चूक. गरज पडली तर एचसीजी या संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन वृषणांना जागवतात आणि टेस्टोस्टेरॉनचं त्यापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनशी आणि ते ज्यापासून बनतं त्या अँड्रोस्टेनडायोनशी असलेलं प्रमाण बघतात. पहिलं प्रमाण फार वाढलेलं असेल तर ५-अल्फा-रिडक्टेज या एन्झाइमची कमतरता, दुसरं ०.८ च्या खाली असेल तर १७-बीटा-एचएसडी या एन्झाइमची. दोन्ही नॉर्मल असून बदल दिसत असतील तर संप्रेरक न मानणारं शरीर, म्हणजे अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी, डोळ्यापुढे ठेवायची. खूप शोधूनही एक्सवाय बाळांच्या बऱ्याच मोठ्या गटात नेमका जनुकीय दोष सापडत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. आणखी एक: लहान शिश्नासोबत साखर वारंवार उतरत असेल आणि कावीळ लांबत असेल, तर गोष्ट पिट्यूटरीची असू शकते. तीही थांबण्याजोगी नसते.

सीएएच ठरलं तर उपचार आयुष्यभराचे, पण नीट बसवता येणारे. हायड्रोकॉर्टिझोन दिवसाला शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे १० ते १५ मिलिग्रॅम. एवढ्या बाळाचा पृष्ठभाग सुमारे ०.२ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम, तीन भागांत. पहिले काही दिवस डॉक्टर जास्त देतात, मग उतरवतात. त्याच्या जोडीला अल्डोस्टेरॉनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिझोन ०.०५ ते ०.२ मिलिग्रॅम, आणि दिवसाला १ ते २ ग्रॅम मीठ, दुधाच्या वेळांत वाटून, कारण आईच्या दुधात मीठ फारच कमी असतं. घात इथे होतो: १० मिलिग्रॅमची गोळी चुरून पाण्यात ढवळली की ती विरघळत नाही, तळाशी बसते. पहिल्या थेंबांत औषध नाही आणि शेवटच्या थेंबांत दुप्पट. औषध बनवणाऱ्याकडून मोजलेल्या पुड्या करून घ्या किंवा लहान मुलांसाठीचे दाणे मिळत असतील तर ते वापरा. मीठही चमच्याने मोजू नका. सपाट चहाच्या चमच्यात पाच-सहा ग्रॅम मावतं, म्हणजे बाळाच्या दिवसाच्या वाट्याच्या कितीतरी पट. ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिझोन दुप्पट-तिप्पट, आणि औषध उलटून पडत असेल तर इंजेक्शन. ते टोचायला घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या. एकटी आई शिकलेली असली की ती नेमकी त्या वेळी दमून झोपलेली असते.

तुमचे उरलेले प्रश्न. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी हे झालेलं नाही. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन पुरुषी गुणाचं नसतं. डॅनॅझॉलसारख्या पुरुषी गुणाच्या औषधांची गोष्ट वेगळी, ते घेतलं असेल तर सांगा. सीएएच हा आई आणि वडील दोघांकडून एकेक दोषी जनुक आल्याने होतो. तेव्हा घरात 'तिने काय खाल्लं, काय घेतलं' ही चौकशी चालली असेल तर ती आजच थांबवा.

ऑपरेशन आत्ता नाही. लघवी मोकळी होत असेल तर इथे कापाकापीची घाई करण्याजोगं काहीच नाही. उपचारांनी वाढलेली क्लिटोरिस काही प्रमाणात लहानही होते. ऑपरेशन करायचं की नाही, कधी, आणि बाळ मोठं झाल्यावर त्याच्या मताने का नको, यावर जाणकारांतच मोठे मतभेद आहेत. आमचं मत थांबण्याच्या बाजूचं. कुणी याच आठवड्यात तारीख देऊ लागला तर दुसरं मत घ्या. आणखी एक सांभाळा: बाळाचे फोटो मोबाईलवरून डॉक्टरांच्या गटांत फिरू देऊ नका, आणि शिकाऊ डॉक्टरांच्या तुकड्या एकामागून एक दुपटं उघडून बघत असतील तर नाही म्हणायचा हक्क आईला आहे.

मुलगा की मुलगी, हे नुसती गुणसूत्रं ठरवत नाहीत. आतले अवयव, आजाराचं नाव, पुढची वाढ, मूल होण्याची शक्यता हे सगळं समोर ठेवून आईवडील आणि तज्ज्ञ मिळून ठरवतात. एक्सएक्स गुणसूत्रांची सीएएच असलेली बाळं बहुधा मुली म्हणूनच वाढवली जातात. त्यांना पाळी येते आणि औषधं नीट चालू असतील तर मूलही होऊ शकतं. तोवर नाव आणि नोंदणी दोन्ही थांबवा. एकदा जाहीर करून फिरवणं थांबण्यापेक्षा कितीतरी जड जातं. लोकांना सांगायचं, 'बाळाच्या संप्रेरकांच्या तपासण्या चालू आहेत, मीठ कमी व्हायची भीती आहे म्हणून रुग्णालयात ठेवलंय.' हे खरंही आहे आणि पुरेसंही. मराठीत 'बाळ' हे 'ते' असतं, ही भाषेची मोठीच सोय. 'ते प्यायलं का, ते झोपलं का' असं बोलत राहिलं तर कुणाला काही खटकत नाही. डॉक्टरांनाही तसंच बोलायला सांगा; 'हा' आणि 'ही' मध्ये सारखी अडखळणारी नर्स आईला फार दुखवून जाते.

निदान पक्कं झालं की बाळाची आणि दोन्ही आईवडिलांची जनुक तपासणी करून घ्या. इथेही एक खाचखळगा आहे. २१-हायड्रॉक्सिलेज बनवणाऱ्या सीवायपी२१ए२ या जनुकाच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं, पण निकामी असं जुळं जनुक बसलेलं असतं. बरीच जनुकं एकदम बघणाऱ्या सर्वसाधारण तपासण्या (जनुक पॅनेल) त्या दोघांत गोंधळतात आणि अहवाल 'काही सापडलं नाही' असा येतो. प्रयोगशाळेला आधीच विचारा की या जनुकासाठी तिथे वेगळी पद्धत वापरतात का. पहिल्या बाळाच्या टाचेच्या रक्ताचं वाळवलेलं कार्ड कुठे जपलेलं असेल तर त्यावरूनही उत्तर निघू शकतं. आईवडील दोघंही वाहक ठरले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आणि पुढचं बाळ बाहेरून अगदी निर्विवाद मुलगा दिसलं, तरी ४८ तास उलटल्यावर त्याचं १७-ओएचपी घेतल्याशिवाय त्याला घरी नेऊ नका.